तानपुरा म्हणजे खरखर

रेडिओवरून शास्त्रीय गाणं भरलेल्या बाबांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या, त्याच्या पहिल्याच रात्री मी तानपुरा पुसून टाकला. मुद्दाम नाही. ऑडॅसिटी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि मुक्त परवान्याचं, 1999 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं. त्यात खरखर काढायची सोय आहे. आधी त्याला नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवायचा, मग सगळं ध्वनिमुद्रण निवडून बटण दाबायचं. निवेदिकेचं बोलणं संपल्यावर आणि गायकाने पहिला सा लावायच्या आधी चारपाच सेकंदांची जागा होती. गाणं नाही, बोलणं नाही, म्हणजे खरखरच असणार. ती दाखवली, बटण दाबलं, हेडफोन चढवले. बागेश्रीच होती, पण कुणीतरी सिमेंटच्या रिकाम्या टाकीत उतरून गात असल्यासारखी. मधूनच पाण्यात बुडबुडे फुटावेत तसे आवाज.

कारण कळल्यावर सॉफ्टवेअरवर रागावताही येईना. ते आवाजाचे कमीजास्त उंचीप्रमाणे बारीक पट्टे पाडतं, दाखवलेल्या तुकड्यात प्रत्येक पट्टा साधारण किती मोठा होता ते लक्षात ठेवतं, आणि मग फाइलभर जिथे जिथे एखादा पट्टा त्या पातळीच्या आत सापडेल तिथे त्याला 12 डेसिबलने दाबतं. 12 हा आकडा त्यात आधीपासून भरलेला होता, मी तो बदललाही नव्हता. जे सतत तिथेच आहे, हलत नाही, ते नको असलेलं, असा त्याचा साधा हिशेब. पंख्याचा आवाज त्यात येतो, टेपचा फुसफुसाट येतो, विजेची घूं येते. आणि मध्यम, जोड, जोड, खर्ज या तानपुऱ्याच्या तारांचा सूरही येतो. माझ्या त्या चारपाच सेकंदांत तानपुऱ्याची एक अख्खी फेरी होती.

मग तेच ध्वनिमुद्रण मी स्पेक्ट्रोग्राममध्ये उघडून पाहिलं. आडवा काळ, उभी स्वरांची उंची, आणि आवाज जितका मोठा तितका रंग उजळ. गळा त्यात नागमोडी जातो, तबला उभ्या काड्या टाकतो, आणि या सगळ्याच्या मागे खालपासून वरपर्यंत शाळेच्या वहीसारख्या आखीव रेघा. तो तानपुरा. एका तारेतून इतक्या रेघा निघतात त्या जवारीमुळे. घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवलेला असतो, आणि तार त्या उतारावर हलकी घासत कंप पावते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली यावर लिहून ठेवलंय. तार जिथे छेडली जाते त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, ते तानपुऱ्यात उमटतात हे त्यांनी दाखवलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तो धागा केसभर इकडेतिकडे सरकवत कान लावून बसलेला कारागीर मी लहानपणी बाबांबरोबर पाहिला होता. तेव्हा मला तो माणूस काहीच करत नाहीये असं वाटलं होतं.

ऑफिसात माझी ख्याती ‘याला नवं काहीतरी लागतं’ अशी आहे. फोन कोणता घेऊ, टीव्ही किती इंची घेऊ, विचारायला लोक माझ्याकडे येतात. आणि घरी माझ्या लिनक्सवर व्हीएलसी हे गाणी-सिनेमे वाजवणारं सॉफ्टवेअर चालतं, जे 1996 साली पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलं आणि 2001 साली सगळ्यांसाठी खुलं केलं. रस्त्यावरचे नारिंगी शंकू उचलून आणायचा नाद त्या पोरांना होता म्हणून त्याचं चिन्ह तो शंकू. कॉलेजात असताना आम्हीही विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जीव टाकायचो. एका सीडीत दीडशे गाणी बसवली की जग जिंकलं, 128 केबीपीएसपर्यंत दाबून बारीक केलेल्या गाण्यातला झांजेचा आवाज किसलेल्या काचेसारखा लागतो याची कुणाला पर्वा नव्हती. मलाही नव्हती. बाबा मात्र एकदा दारातूनच म्हणाले होते, ‘हे पत्र्यावर का गातायत?’

कॅसेटी एकूण 87 निघाल्या. सगळ्या सी-60. सी-90 मध्ये जास्त मावतं, पण तिची फीत पातळ असते, ताणली जाते, हेडमध्ये गुंतते, म्हणून बाबा तिच्या वाटेला जायचे नाहीत. त्यांची टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, शनिवारी रात्री सव्वानऊला टेबलावर यायची. साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. 1952 पासूनचा तो कार्यक्रम आमच्या घरात देवघरातल्या दिव्यासारखा वेळेवर लागायचा, आणि लागला की कुणी नळसुद्धा सोडायचा नाही.

ती टू-इन-वन केव्हाच भंगारात गेली होती. मी जुना डेक मिळवला, तर त्याचा रबरी बेल्ट वितळून चिकट काळा गोंद झालेला. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत दोन दुकानदारांनी मला वेड्यात काढलं. तिसऱ्याने काउंटरखालून बेल्टांचा झुबका काढला आणि एकेक ताणून बघत म्हणाला, ‘हा लावून बघा, नाही बसला तर आणून द्या, पण आणणार नाही तुम्ही.’ बसला. मग ॲझिमथ. डेकच्या हेडजवळ एक छोटासा स्क्रू असतो, त्याने हेडचा फितीशी असलेला कोन बदलतो. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झालं त्याच्या हेडचा कोन आणि ऐकवणाऱ्या हेडचा कोन जुळला नाही, तर वरचे स्वर बोथट होतात, घोंगडीआडून ऐकल्यासारखे. मी घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, कॅसेट चालू ठेवून, श्वास रोखून तो स्क्रू फिरवला. डावीकडे पाव फेरा, घोंगडी जाड. उजवीकडे पाव फेरा, आणखी थोडा, आणि एका क्षणी तबल्याच्या चाटेवर धार आली. त्या रात्री मी दुसरं काही केलं नाही. स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा थेंब टाकला. रंग बघून तिने जे विचारलं ते इथे लिहीत नाही.

फाइली फ्लॅकमध्ये ठेवल्या. फ्लॅक काही फेकून देत नाही, नुसतं घडी घालून ठेवतं. एका बाजूची 30 मिनिटं उघडी ठेवली तर साधारण 317 एमबी होतात, घडी घातल्यावर निम्म्यापर्यंत याव्यात अशी माझी अपेक्षा. नाही आल्या. कारण घडी तिथेच पडते जिथे पुढचं काय येणार याचा अंदाज बांधता येतो. तानपुरा नीट घडी होतो. मध्यम लहरींवरचा पावसाळी चरचराट होत नाही, त्याचा पुढचा क्षण मागच्या क्षणावरून ओळखता येत नाही. माझ्या हार्डडिस्कवर सगळ्यात जास्त जागा 1980च्या दशकातल्या पुण्याच्या हवामानाने अडवली आहे.

खरी पंचाईत पुढे, नावं घालताना. कॅसेटच्या आतल्या कार्डावर बाबांचं अक्षर. ‘बागेश्री, वि. एकताल, द्रुत त्रिताल. आवाज थोडा बसलेला. शेवटी वेळ मारून नेली.’ हे सगळं फाइलच्या रकान्यांत कुठे बसवायचं? एमपीथ्रीला नाव चिकटवायची पहिली पद्धत 1996 ची. फाइलच्या शेवटी 128 बाइटांचं शेपूट, त्यात गाण्याच्या नावाला 30 बाइट. इंग्रजीत 30 अक्षरं. देवनागरीचं युनिकोडमधलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, आणि त्यात काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर यांची मोजणी वेगळी होते. मी कागदावर मांडून पाहिलं. ‘बागेश्री’ची आठ चिन्हं, 24 बाइट. मग मोकळी जागा, एक. मग ‘व’, तीन. झाले 28. वेलांटीला तीन हवेत, उरलेत दोन. म्हणजे ‘बागेश्री व’. बाबांच्या विलंबितातली वेलांटीसुद्धा आत शिरत नाही.

नंतरच्या पद्धतींत जागा भरपूर आहे, पण ठरलेले रकाने तेच, गायक, अल्बम, गाणं, क्रमांक, साल, प्रकार. रागाला रकाना नाही. तालाला नाही. मोठमोठ्या ॲपांवरही राग गाण्याच्या नावात कोंबतात, प्रत्येक कंपनी आपापल्या स्पेलिंगने, त्यामुळे एका मालकंसाचे पाच मालकंस होतात आणि शोधल्यावर तीनच सापडतात. म्युझिकब्रेन्झ नावाचा लोकांनी मिळून भरलेला खुला संग्रह आहे, त्यात मात्र रचनेला राग आणि ताल असे वेगळे गुण लावता येतात, हिंदुस्थानी वेगळे, कर्नाटकी वेगळे. भारतीय संगीताच्या अशा नोंदींवर बार्सिलोनाच्या एका विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक या प्रकल्पाने बरंच काम करून ठेवलंय. बागेश्रीला हक्काची चौकट स्पेनमधून मिळावी याची मला गंमत वाटते, लाजही थोडी वाटते. ‘आवाज थोडा बसलेला’ मी शेऱ्याच्या रकान्यात टाकलं.

पैसे भरून ऐकायचं ॲप माझ्याकडेही आहे, नाही कशाला म्हणू? प्रवासात तेच लागतं. पण त्याच्या दृष्टीने विलंबित ख्याल हे एक गाणं आणि द्रुत हे दुसरं, आणि एकदा का चुकून शफल दाबलं गेलं की पानावर आधी ताक येतं आणि मागून वरण. एका सकाळी मी ललत ऐकला. पुढचा आठवडाभर त्याने मला झोपेची बासरी, स्पाची बासरी, झऱ्याकाठची बासरी सुचवली. माझा बॉस, माझी बायको आणि हे ॲप, तिघांच्याही मते मला विश्रांतीची गरज आहे.

टीव्हीची गोष्ट आईमुळे. 2016 हे आमच्या घरातलं उलथापालथीचं साल. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ, आणि दिवाळीपर्यंत दूरदर्शन सह्याद्रीवर पोसलेली माझी आई फोनवर भाडिपाचे व्हिडिओ बघून एकटीच हसायला लागली होती. पुढे तिला मल्याळम सिनेमांचं वेड लागलं. ‘यातल्या बायका घरात असतात तशा दिसतात,’ हे तिचं कारण. पण खालचं इंग्रजी वाचेपर्यंत वाक्य पळून जायचं. म्हणून मी तिच्यासाठी मराठी सबटायटल करायला बसलो. एसआरटी फाइल ही जगातली सगळ्यात साधी फाइल असावी. आकडा, वेळ, मजकूर, रिकामी ओळ. पुन्हा आकडा. साध्या नोटपॅडमध्ये होते. मजकूर मुक्ता फाँटमध्ये दिसेल अशी व्यवस्था केली, मुंबईच्या एक टाइपने तो फुकट उपलब्ध करून दिलाय आणि टीव्हीवर दहा फुटांवरून वाचता येतो.

पहिल्या दिवशी टीव्हीतल्या प्लेअरने माझ्या वेलांट्या उधळून लावल्या. पहिली वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो, पण ती काढायची असते अक्षराच्या आधी, आणि ही अदलाबदल करायला मधे कुणीतरी जाणकार लागतो. हार्फबझ नावाची सॉफ्टवेअर-संहिता ते काम करते, फायरफॉक्सपासून अँड्रॉइडपर्यंत सगळीकडे. त्या टीव्हीत ती किंवा तिच्यासारखं काही नव्हतं. आईने ‘द ि व ा’ बघितलं आणि म्हणाली, ‘हा कुठल्या इयत्तेत आहे?’ मी टीव्हीला जुना कॉम्प्युटर जोडला.

मग सुरू झाला खरा तपास. मी मराठी करत होतो ते इंग्रजी सबटायटलांवरून. आई ऐकत होती मूळ मल्याळम. एका प्रसंगात एक पोरगा दुकानदाराशी हुज्जत घालतो.

‘हा सारखं चेट्टा चेट्टा म्हणतोय, ते कुठंय?’

‘इंग्रजीत नाहीये.’

‘इंग्रजीत नसेना का. तो म्हणतोय ना? चेट्टा म्हणजे काय?’

थोरला भाऊ. वयाने मोठ्या कुठल्याही पुरुषाला म्हणतात. इंग्रजी करणाऱ्याने ते वगळलं होतं, त्याच्या भाषेत ते अडचणच होतं. मी मागे गेलो, 00:14:07 ला, आणि ‘पैसे उद्या देतो’च्या जागी ‘दादा, पैसे उद्या देतो ना’ केलं. हुज्जतीची एकदम विनवणी झाली. तेवढ्यासाठी मी त्या सिनेमाच्या अकराशे ओळी पुन्हा चाळल्या. कुणाला पाठवायच्या नव्हत्या, एका बाईसाठी होत्या.

तिची दुसरी अडचण सिनेमा संपल्यावर यायची. शेवटची चौकट काळी होते न होते तोच ॲप चित्र कोपऱ्यात ढकलतं आणि पुढच्याची उलटी मोजणी सुरू करतं. आई ही लग्नपत्रिका पार ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत वाचणारी बाई. नावं वर सरकत असताना ती हलत नाही. ‘अरे थांब, लोकांची नावं आहेत!’ मी रिमोट शोधेपर्यंत तिकडे कुणीतरी भलतंच अमेरिकन धावायला लागलेलं असतं. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी हे बंद करायची बारीक चौकट असते. मी ती काढून दिली. एका अपडेटनंतर ती आपोआप परत भरली गेली. मी परत काढली. आमचं हे चालूच आहे.

आता पुन्हा त्या बागेश्रीकडे. तानपुरा मी परत आणला, अर्थातच. खरखर काढायचा तुकडा निवेदिकेच्याही आधीचा घेतला, नुसत्या रिकाम्या लहरींचा, आणि तोही हलक्या हाताने, 12 ऐवजी 5 डेसिबल. टेपचा फुसफुसाट राहिला थोडा. राहू दे.

प्रश्न उरला भोकाचा. 30 मिनिटांनी कॅसेट संपते, बाबा ती काढून उलटतात, तिकडे दिल्लीहून गाणं चालूच असतं. पहिल्या बाजूच्या शेवटी विलंबित एकतालाचं ‘तू, ना’, म्हणजे पाचवी आणि सहावी मात्रा, ऐकू येतं आणि फीत संपते. दुसऱ्या बाजूला एकदम ‘तिरकिट’. त्यापुढे ‘धी, ना’ आणि मग आवर्तनाची पहिली मात्रा, सम, म्हणजे हा दहाव्या मात्रेचा तिरकिट, चौथ्या मात्रेचा नव्हे. दोन्ही बाजू एकत्र जोडायच्या तर मधे किती शांतता ठेवायची? फीत काही सांगत नाही, ती बंद असताना काळ तिच्या लेखी थांबलेला असतो. ताल मात्र सांगतो. लय मोजली, बारा मात्रांचं आवर्तन 48 सेकंदांचं भरलं, म्हणजे मात्रा चार सेकंदांची. सातवी, आठवी, नववी गेली. 12 सेकंद. मी अगदी 12 सेकंदांची शांतता घातली, पायाने ठेका धरून तपासलं, ‘तिरकिट’ बरोबर जागेवर पडला. इतकं नेमकं काम ऑफिसातही कधी झालं नसेल माझ्या हातून.

रविवारी आईला ऐकवलं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन, डोळे मिटून. बाजू संपली. शांतता. मी तिच्याकडे बघत होतो. ‘तिरकिट’ आला तसे तिने डोळे उघडले.

‘इतक्यात?’

मी तिला मात्रांचं गणित समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘बारा सेकंद नाही रे. मिनिटभर तरी गेलं होतं. उलटली तर कॅसेट सैल होती, फीत आत ओढून घ्यायला यांना पेन्सिल हवी होती. सापडेचना. तुझ्या दप्तरात निघाली.’

रात्री मी फाइल उघडली आणि शांततेत आणखी एक आवर्तन घातलं, 48 सेकंदांचं.